अर्थ मिळत नाही

ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा वर चढतो.
रमाकांत म्हणतो, अख्ख्या मुंबईत
थांबल्यावर पेट्रोल वाढणारी ही एकच गाडी.
म्हणतो आणि हसतो,
पण कानशिलावरचा घाम पुसायचं विसरतो.

डावा इंडिकेटर दिला
तर उजवा टेल लॅम्प मिणमिणतो.
हॉर्न वाजवावा तर वायपर
काचेवर अर्धा येऊन अवघडून बसतो,
भलत्याच घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा.

फियाट, सन सहासष्ट.
चुनाभट्टीला आमच्या सोसायटीत,
पाण्याच्या टाकीशेजारी,
पोरांनी मारलेल्या क्रीजच्या इंचभर अलीकडे.
त्याच्या प्रॉव्हिडंट फंडातून
गावी जी खोली बांधायची होती, ती ही.

डिमेलो आला, बॉनेटखालून डोकं काढून म्हणाला,
सगळं हार्नेस बदला, बाई.
त्याच्या आधीच्याने डायनॅमो बदलला होता,
त्याच्याही आधीच्याने कटआउट.
कलिनाहून आणलेले तीन फ्लॅशर
चहाच्या रिकाम्या डब्यात पडून आहेत.
तिन्ही चांगले.

मी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात
टेस्ट डेस्कवर काढली.
हेडफोनचा वळ डाव्या कानामागे अजून आहे.
लोक सांगायचे, फोन मेलाय.
फोन सहसा मेलेला नसायचा.
डोंगरीतलं भांडण भायखळ्यात ऐकू जायचं
आणि बिघाड निघायचा तिसऱ्याच गल्लीत,
पाणी शिरलेल्या एखाद्या पेटीत.

म्हणून काल जेवणं आटोपल्यावर
गाऊनवर त्याचा जुना शर्ट चढवून
टेस्ट लॅम्प घेऊन मी खाली उतरले.
चिमटा बॅटरीच्या प्लसला,
टोक मागच्या दिव्याच्या होल्डरला.
लागायला हवा होता. लागला नाही.
पुढच्या दिव्याला. नाही.
डॅशबोर्डमागच्या पट्टीला, नुसती लाली,
विझत्या उदबत्तीएवढी.
गॅलरीतून त्याने विचारलं, काय गं?
म्हटलं, अर्थ मिळत नाहीये.
त्याला वाटलं, मी माझं नेहमीचंच बोलतेय.

मग घरातली लांब वायर आणली,
एक टोक बॅटरीच्या मायनसला,
दुसरं होल्डरच्या पत्र्याला धरलं.
त्याला खाली बोलावून म्हटलं, ब्रेक दाब.
काटा हलला नाही.
जिथे होता तिथे राहिला, खरा:
पाव टाकीच्याही खाली.

करंट निघतो त्याची चौकशी सगळे करतात,
परत कुठून येतो, कोण विचारतं?
वाट बंद दिसली की बिचारा
याच्या दिव्यातून, त्याच्या काट्यातून
मिळेल तसा घरी येतो.

आणि वाट बंद केली होती नझीर पेंटरने.
कुर्ल्याला सात हात मारले होते त्याने,
पिस्त्याच्या रंगाचे, आरशासारखे.
इतका मन लावून काम करणारा माणूस
की बोल्टखालची जागासुद्धा
त्याने उघडी ठेवली नव्हती.

खरवडावं लागेल, मी म्हटलं.
किती?
चार आण्याच्या नाण्याएवढं. आठ ठिकाणी.
तो बोनेटवर हात ठेवून उभा राहिला.
वॉचमन खुर्ची ओढत जवळ आला,
आमच्याकडे बघून तसाच परत गेला.
दिसेल का?
बोल्ट बसल्यावर नाही.

पॉलिश पेपर त्याने माझ्याकडून काढून घेतला.
पहिली जागा त्यानेच घासली,
ओठ आत ओढून,
पोराच्या गुडघ्यावरची पट्टी सोडवावी तशी.
आधी पिस्ता गेला, मग राखाडी प्रायमर,
मग सहासष्ट सालचा पत्रा
टॉर्चखाली पांढरा.

सात जागा राहिल्या होत्या. साडेअकरा वाजले होते.
एवढी एक आवळून बघू, तो म्हणाला,
आणि सीटवर जाऊन बसला.
मी मागे उभी.
टाकीच्या भिंतीवर दोन लाल गोल उमटले,
सारखे.
काय गं?
लागलेत, म्हटलं.
पाय नको काढूस इतक्यात.